माझ्या जबाबदारीवर

सरांनी शिट्टी वाजवलेली मी एकदाही ऐकली नाही. पीटीच्या शिक्षकाविषयी सांगायचं म्हटलं की लोक शिट्टीपासून सुरुवात करतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते. शिट्टी होती. पांढऱ्या दोरीत ओवलेली, गळ्यात, बारा महिने. पण मुलांना बोलवायचं असलं की सर दोन टाळ्या वाजवत आणि तेवढ्यावर अख्खं मैदान गोळा होई. मी एकदा विचारलं, "मग ती गळ्यात कशाला अडकवलीय?" तर म्हणाले, "इन्स्पेक्शनला लागते."

आमची शाळा गोखिवऱ्याची, मराठी माध्यमाची. पुढे रस्ता, मागे मैदान आणि मैदानाच्या भिंतीला लागून गाळे. एका गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनत, दुसऱ्यात बॅगांच्या चेनी, आणि माझ्या इतिहासाच्या तासाला बाहेरून कायम कुठल्यातरी मशीनचा ठोका चालू असे. मुलं या गाळ्यांतल्या कामगारांची, काही कामणच्या गोदामांत टेम्पो चालवणाऱ्यांची आणि काही खाडीकडच्या जुन्या गावांतली. सर त्यांतल्याच एका गावचे. घरी भातशेती, केळी, परसात वालाचे वेल. रोज सायकलवरून येत आणि येताना कुणा ना कुणासाठी माठाची नाहीतर मुळ्याची जुडी आणत, जुन्या उत्तरपत्रिकेत गुंडाळलेली. मी एव्हरशाईन सिटी या इमारतींच्या वसाहतीत राहणारी. वडील रत्नागिरीकडचे, नवरा अंधेरीला नोकरीला, मुलगा एव्हरशाईनमधल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. मराठी शाळेत शिकवणारी बाई ही शेवटची गोष्ट जरा हळू आवाजात सांगते. मीही हळूच सांगत असे.

सरांना मुलांची नावं लक्षात राहत नसत. तीस वर्षं नोकरी झाली होती आणि हजेरीपट बघितल्याशिवाय त्यांना दहा नावंही सांगता आली नसती. पण चाल पाठ असायची. पोरगं पाठमोरं, दप्तर लटकावून, गेटाबाहेर पन्नास पावलांवर असलं तरी सर सांगत, "तो टाचा घासणारा, आठवी ब. त्याचा बाप पन असाच चालायचा, माझ्याच हाताखाली होता." माणूस तोंडानं काय वाटेल ते बोलेल, पायाला बोलता येत नाय, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी शाळेत लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही पाऊल उचलता आणि टाकायच्या आधी थांबता. घरी काय विसरून आलात का?" मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि त्या दोन दिवसांत मी शाळेच्या व्हरांड्यात नीट चालूही शकले नाही, कारण ते बघताहेत की काय असं सारखं वाटायचं.

त्यांचा दुसरा हट्ट मोजपट्टीचा. टेप त्यांना चालत नसे. टेप उन्हात वाढते आणि ओढणाऱ्याच्या मर्जीनं आखडते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे घरच्या बांबूच्या बेटातून तोडलेली सहा फुटांची काठी होती, फुटाफुटावर कोयत्यानं खाच मारलेली. खो-खोचं मैदान त्या काठीनंच आखलं जाई. आणि सरांचा तास कुणाला मिळत नसे. जानेवारी उजाडला की आम्ही सगळ्या बाया अभ्यासक्रम संपवायला इकडून तिकडून तास मागत फिरायचो. चित्रकलेचे सर देत, कार्यानुभवाच्या बाई देत. हे म्हणत, "नाय. पोरांना महिनाभर नुसतं बसवून ठेवलंत तर परीक्षेला डोकं कुठून आनतील?" वर्गात ते शुद्ध मराठी बोलायला बघत, पण कुणी तास मागितला की थेट घरच्या बोलीवर उतरत.

मग महामारी आली आणि सगळ्यांचेच तास गेले.

मोबाईलवर पीटी घ्यायची म्हणजे काय, हे सरकारनं कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी पहिल्या दिवशी उड्या मारायला लावल्या तर चाळीतल्या खालच्या खोलीवाल्यांनी आईबापांशी भांडणं काढली. म्हणून त्यांनी नवा व्यायाम काढला. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून, हलायचं नाही. मीही तेव्हा त्या तासाला बसले होते, कारण मुलं हजर आहेत का ते बघायचं काम माझ्याकडे होतं. थोड्या वेळानं सर एका मुलाला म्हणाले, "वा! ह्याला म्हणतात उभं राहणं. बघा रे त्याच्याकडे, पापणीसुद्धा हलत नाही!" मुलगा खरंच हलत नव्हता. एक मिनिट झालं, दोन झाली. सर कौतुक करता करता गहिवरले. मला बोलवेना, पण शेवटी सांगावंच लागलं की सर, त्याचं नेटवर्क गेलंय. सरांनी चष्मा लावून ते थिजलेलं चित्र पाहिलं. मग म्हणाले, "तरी पाय बरोबर हाय त्याचा." पुढच्या तासाला तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हळूहळू पडद्यावरच्या चौकटी कमी होत गेल्या आणि मुलं कुठे गेली ते कळायला मार्ग उरला नाही.

त्या गेलेल्यांत दीपाली होती. आमच्या खो-खो संघाची कप्तान. ती खांबाला वळसा घ्यायची तेव्हा तिला शिवणं कुणाला जमत नसे, आणि सरांना जी मोजकी नावं आठवत त्यांत तिचं नाव होतं. दुसऱ्या लाटेत तिचे वडील गेले. कामणला टेम्पो चालवायचे. पाच दिवसांत माणूस संपला. आई गाळ्यात झाकणांच्या पॅकिंगला होती. काही महिन्यांनी आम्हाला कळलं की दीपालीही आईबरोबर त्याच गाळ्यात जाते. मैदानाच्या भिंतीपलीकडे. म्हणजे माझ्या ऑनलाइन तासाच्या वेळी ती माझ्या वर्गापासून शंभर पावलांवर झाकणं मोजत बसलेली असायची. दहावीचं वर्ष होतं तिचं.

लाट ओसरली आणि आदेश निघाला की वरचे वर्ग भरवा, मात्र पालकांची लेखी संमती घ्या. शाळेनं मैदानात सभा बोलावली. तशी सभा मी नोकरीत पुन्हा पाहिली नाही. लोक तावातावानं बोलत होते आणि सगळ्यांचंच खरं होतं.

"मॅडम, माझी सासू अंथरुणाला खिळलेली. पोरगी शाळेतून घेऊन आली काहीतरी, मग?"

"अहो, लग्नं चालू, बाजार चालू, हॉटेलं चालू. रोग काय फक्त शाळेत बसलाय?"

"आमच्याकडे फोन एक आणि पोरं तीन. ऑनलाइन काय डोंबल शिकणार?"

"वर्ष गेलं तर परत येईल. पोर गेलं तर येईल का?" असं कुणीतरी मागून म्हटलं.

तेव्हा मी उठले. मी बोलते बरी, हे माझ्या सासरचेही मान्य करतात. मुलं वर्गात बसायचं विसरतील, मुली परत येणार नाहीत, आज दार उघडलं नाही तर काहींसाठी ते कायमचं बंद होईल, असं बरंच काही मी बोलले. टाळ्या पडल्या.  सर सबंध वेळ काठी घेऊन दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजत फिरत होते आणि सरकलेल्या पालकाला उठवून परत जागेवर बसवत होते. सहा फूट म्हणजे नेमकं किती, हे सांगणारं माप सगळ्या शाळेत एकट्या त्यांच्याकडे होतं.

सभा संपल्यावर मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा लावून एक वाचलं. 'मी माझ्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर शाळेत पाठवीत आहे.' परत वाचलं आणि म्हणाले, "हे उलटं छापलंय."

"उलटं कसं?" मुख्याध्यापक.

"पोर आपल्या दारात येनार, आपल्या बाकावर बसनार आणि जबाबदारी बापाची?"

"सर, नियम आहे. उद्या काही झालं तर शाळेकडे कागद हवा."

"म्हंजे काय झालं, की त्याच्याच सहीचा कागद आपन त्याला दाखवनार?"

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. सर गठ्ठा घेऊन गेले. त्यांनी पत्रकं वाटली, सह्याही घेतल्या, त्यात कसूर केली नाही. पण चार दिवसांनी कळलं की प्रत्येक घरी ते आणखी एक कागद देताहेत. रेघांच्या वहीचं पान, निळी शाई, आणि त्यांचं ते अक्षर, जे वाचायला आम्हालाही शिपाईमामांची मदत लागे.

'मी, क्रीडाशिक्षक, लिहून देतो की तुमचे पोर घरातून निघाल्यापासून घरी परत पोचेपर्यंत माझ्या जबाबदारीवर आहे. काही झाल्यास मला विचारावे. मी उत्तर देईन.' खाली सही, घरचा पत्ता आणि घरी यायची वाट.

मुख्याध्यापक हादरलेच. "सर, तुमची निवृत्ती सहा महिन्यांवर आली. साखर आहे तुम्हाला, खरं तर तुम्ही घरी बसायला हवं. कुणी हा कागद घेऊन कोर्टात गेलं तर?" सर म्हणाले, "जावं की. पत्ता दिलाय मी." दहावीच्या दोन्ही तुकड्यांना त्यांनी एकेक कागद हातानं लिहिला. झेरॉक्स काढून देते म्हटलं तर म्हणाले, "झेरॉक्सची जबाबदारी कोन घेतो का?"

दीपालीच्या घरी ते मला घेऊन गेले. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर हार घातलेला टेम्पोवाल्याचा फोटो, खाली झाकणांची पोती. रविवार होता तरी मायलेकी झाकणं मोजत होत्या. दीपालीनं सरांना पाहिलं आणि खाली मान घातली. मी माझं सभेतलं सगळं पुन्हा बोलले. आईनं ऐकून घेतलं. मग सरांचा कागद वाचला, अक्षर लावत लावत, मोठ्यानं.

"कागद चांगला आहे, सर," ती म्हणाली. "पण समजा काही झालं आणि मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही काय उत्तर देणार?"

  "ते मना नाय माहीत," सर म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमचं आहे कोणी शाळेत जाणारं?"

"मुलगा. नववीत."

"मग तो जाणार?"

"हो," मी म्हणाले. "जाणार ना."

आठवड्यापूर्वीच मुलाच्या शाळेचा फॉर्म मोबाईलवर आला होता. आपण आपल्या पाल्याला पाठवू इच्छिता का? मी 'नाही' दाबून मोकळी झाले होते. सभेत टाळ्या घेतल्या त्याच दिवशी, संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. ती मुलं वेगळी, त्यांचं नुकसान मोठं, आपल्या मुलाला लॅपटॉप आहे, स्वतंत्र खोली आहे. असली कारणं माणसाला फार पटकन सापडतात.

बाहेर पडल्यावर सर सायकल हातात धरून चालू लागले. काठी सायकलच्या दांड्याला बांधलेली. वळणावर आल्यावर म्हणाले, "बाई, निघताना अडखळलात."

"उंबरठा उंच होता."

"असंल," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर माठाची जुडी होती आणि तिच्याखाली रेघांच्या वहीचं पान. 'मी, क्रीडाशिक्षक, लिहून देतो की तुमचा मुलगा (नाव माहीत नाही, बाईंचा मुलगा) घरातून निघाल्यापासून...' मला असा संताप आला! मी कागद घेऊन मैदानात गेले. "सर, तो आपल्या शाळेतला नाही!"

"पोर हाय ना?"

"त्याची शाळा एव्हरशाईनमध्ये आहे. तुमचा काय संबंध?"

"वाटेतच लागतं मना." ते वाटेत मुळीच लागत नव्हतं. ते चुना टाकत होते, वाकलेले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या माणसानं मला खोटारडी म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी नुसतं माझ्याही मुलाला त्या यादीत घेतलं होतं. चुन्याच्या रेघेशी उभी राहून मी रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

संध्याकाळी मी फॉर्म बदलला. नवऱ्यानं विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की काहीच नाही. पण जाऊ दे त्याला."

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच गाळ्यावर गेले. दीपालीची आई पायरीवर डबा खात होती. मी तिच्यापासून अंतर ठेवून बसले आणि सांगितलं, "परवा मी खोटं बोलले. मी माझ्या मुलाला नाही म्हणून कळवलं होतं. काल बदललं."

तिनं चपातीचा तुकडा हातातच धरला. मला वाटलं, आता ही मला हाकलणार आणि हाकललं तर बरंच होईल. ती म्हणाली, "भीती वाटते तुम्हाला?"

"खूप."

"अच्छा." तिनं तुकडा परत डब्यात ठेवला. "मला वाटायचं, तुम्ही शिकलेले लोक, तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून तुम्ही सांगताय. भीती फक्त आम्हालाच." मग डब्याचं झाकण लावलं. "सोमवारी पाठवते. पण एकटी नाही पाठवणार, मॅडम. हा रस्ता, ही गर्दी. कोणी खोकतं, कोणी थुंकतं."

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी हाय ना."

सोमवारी सकाळी गोखिवऱ्याच्या रस्त्यानं जे दृश्य पाहिलं त्याची आठवण तिथले दुकानदार अजून काढतात. पुढे सर, मागे दीपाली आणि दोघांच्या मध्ये ती सहा फुटांची काठी. एक टोक सरांच्या हातात, दुसरं तिच्या. मास्क लावलेले, कुणाकडे न बघता, चालले आहेत. रिक्षावाले हॉर्न वाजवत, सर हात वर करून त्यांना थांबवत. पहिल्या दिवशी दीपाली शरमेनं अर्धी झाली होती. पण आठवड्याभरात वाटेतली आणखी दोन मुलं येऊन मिळाली आणि सरांनी दोन नव्या काठ्या तोडून आणल्या. मग ती अख्खी माळ रोज सकाळी गाळ्यांसमोरून यायची. पॅकिंगच्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

शाळेच्या गेटावर मात्र पहिल्याच दिवशी आमची पंचाईत झाली. दीड वर्षात मुलं वीतभर वाढली होती, तोंडं झाकलेली, आवाज फुटलेले. माझ्याच वर्गातली मुलं मला ओळखू येईनात. ताप मोजायचं यंत्र हातात घेऊन मी एकेकाला "नाव काय रे तुझं?" विचारत होते आणि मुलांचे डोळे कसेसेच होत होते. सर मागून येऊन म्हणाले, "बाई, तोंड कशाला बघता? खाली बघा." आणि तिथेच उभं राहून त्यांनी सांगायला सुरुवात केली. हा टाचा घासणारा. ही चवड्यावर चालते. हा नेटवर्कवाला, एका पायावरचा. एकही चुकला नाही. नावं मी सांगत गेले, पाय ते. त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून हजेरी घेतली.

महिनाभरानं दीपालीला ताप आला. आईनं निरोप पाठवला, दोनच शब्दांचा, "ताप आलाय." सर तास सोडून गेले. पालिकेच्या केंद्रात तपासणी झाली, रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. आई दार लावून घेऊन बसली. सरांशी बोलली नाही. सरांनी दारापासून काठीनं एक माप मोजलं, रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. सकाळी आठला यायचे, दिवे लागल्यावर जायचे. शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची रजा मांडली. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा ते तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात, मास्क नाकावर.

"सर, इथे बसून काय होणार आहे?" मी म्हटलं.

"काय नाय होनार," ते म्हणाले. "तिनं विचारलं तर मी इथं पाहिजे. लिहून दिलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. आईनं चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकून उभी राहिली. सरांनी उठून कप घेतला, परत डब्यावर जाऊन बसले आणि चहा प्याले. साखर चालत नसे त्यांना. पूर्ण कप प्याले. संध्याकाळी रिपोर्ट आला, साधा ताप होता. दीपालीनं दारातून ओरडून सांगितलं, "सर, निगेटिव्ह!" सर उठले ते गुडघे धरूनच, आणि काठी टेकत सायकलपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दोन दिवस विचार केला, बाई. तिला काय उत्तर दिलं असतं, अजून सापडलं नाय." मला मात्र वाटलं की तिला ते मिळालं होतं.

मध्ये एकदा शाळा पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. काठ्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात राहिल्या आणि परत निघाल्या. दहावीची परीक्षा वर्गात बसून झाली. दीपाली पास झाली. फार चांगले मार्क नव्हते, पण पास झाली, आणि अकरावीला प्रवेश घेतला.

निवृत्तीनंतर लोक सत्यनारायण घालतात. सरांनी सायकल काढली आणि दारोदार जाऊन आपले कागद परत मागितले. "पोरं घरी पोचली. जबाबदारी संपली. फाडा." लोकांनी आणून दिले, काहींचे हरवले होते, एकाचा कपाटाच्या पायाखाली निघाला. सर प्रत्येक कागद त्या त्या दारात उभं राहून फाडत आणि तुकडे खिशात घालत. दीपालीच्या आईनं कागद आणून हातात दिला तेव्हा सर बघतच राहिले. तिनं तो लॅमिनेट करून घेतला होता. सरांनी इकडून ओढून पाहिला, तिकडून पाहिला.

"हा फाटत नाय हो."

"म्हणूनच केलाय," ती म्हणाली आणि कागद परत घेऊन फोटोखाली ठेवला.

माझ्या घरी ते शेवटी आले. एव्हरशाईनच्या वॉचमननं त्यांना सायकलवरून आत सोडलं नाही, म्हणून मी खाली गेले. "बाई, पोऱ्याचा कागद?"

"सापडत नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी अगदी ताठ, एका जागी उभी होते. ते हसले, केळीची फणी माझ्या हातात दिली आणि निघून गेले.

यंदा मुलगा पुण्याला शिकायला गेला. सामान बांधलं, डबे भरले, बापानं सोडायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी कपाटातून तो कागद काढला. सांगायचं म्हणजे तो साड्यांच्या खाली, अगदी हाताशीच होता. घडीवर फाटायला आला होता. 'नाव माहीत नाही, बाईंचा मुलगा.' गाडी गेल्यावर मला घरात बसवेना, म्हणून सरांना फोन लावला. ते शेतावर होते, मागे बगळे की कसले तरी पक्षी ओरडत होते.

"सर, तो कागद सापडला."

"हरवला कवा होता?" सर म्हणाले. मग, "कुठं निघाला पोऱ्या?"

"पुण्याला. आत्ता गेला."

"पोचला की सांगा मना. मंग फाडा."

दुपारी मुलगा पोचला. खोली बरी आहे म्हणाला, पंख्याचा आवाज येतो म्हणाला. मी पुन्हा फोन लावला. "पोचला, सर."

"बरं झालं. फाडला?"

कागद माझ्या मांडीवर होता. "हो, सर," मी म्हणाले. "फाडला."

"बाई, फोनवर पन अडखळता तुम्ही," सर म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मंग. मी हाय."